३ स्टार, त्यातले अडीच कोंबड्यांचे

आधीच सांगते, कोंबड्या चांगल्या निघाल्या. नाहीतर लोक पहिल्या दोन ओळी वाचतात आणि पुढे जातात. ह्या कोंबड्यांच्या नर्सरीकडून तलंगा (म्हणजे अंड्यावर येणाऱ्या कोवळ्या कोंबड्या) घ्यायला माझी काही हरकत नाही. पण ह्यांच्या जाहिरातीत जे लिहिलंय की "रेडी टू ले, घरी आल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडी चालू", ते कृपया कोणी मनावर घेऊ नका. मी घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वाटी घेऊन खुराड्यासमोर उभी होते आणि सासूबाई ओट्यावरून बघून हसत होत्या.

आम्ही वाईजवळ राहतो. घराला मागे परसू आहे, त्याच्यापलीकडे ऊस. ह्यांचं "अंगण पॅकेज" घेतलं, म्हणजे ८ तलंगा, एक रेडीमेड खुराडं आणि एका महिन्याचं खाद्य. तलंग ४०० रुपयाला एक, खुराडं साडेसहा हजार, डिलिव्हरीचे ६०० वेगळे, खाद्याचं पोतं "फ्री". म्हणजे दहा हजार तीनशे झाले. गावात बाजारात तलंगा याच्यापेक्षा थोड्या स्वस्त मिळतात पण त्यांचं वय काय, लस दिली का, काहीच कळत नाही, म्हणून म्हणलं जास्त गेले तर जाऊदे. (वय इथेही कळलं नाहीच, ते पुढे सांगते.)

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आल्या. मी फोनवर तीनदा सांगितलं होतं की संध्याकाळी पाठवा, ऊन उतरल्यावर, तरी टेम्पो आला भर दुपारी दोनला. प्लॅस्टिकचं क्रेट, त्यात आठ जणी दाटीवाटीने, चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या आणि दोघी तर डोळे मिटून बसलेल्या. मला वाटलं गेल्याच या. ऑक्टोबर हीट काय असते हे नर्सरी चालवणाऱ्या माणसाला मी सांगावं का? पण टेम्पोवाला पोरगा शहाणा होता, त्याला पूर्ण मार्क. म्हणाला, "ताई, पहिलं पाणी द्या, दाणा लगेच टाकू नका, घटकाभर जाऊद्या." आणि क्रेट सावलीत ठेवून स्वतः एकेकीला हळू काढून पाण्यापाशी सोडली, दोघींची चोच पाण्यात बुडवून दाखवली. आत्यांनी तोवर पाण्यात गुळाचा खडा विरघळवून आणला. (आत्या म्हणजे सासूबाई, आमच्याकडे आत्याच म्हणतात.) तासाभराने सगळ्या उभ्या. मग मूठभर मक्याचा भरडा, बाकी काही नाही. प्रवासातून आलेल्या कोंबडीला पोटभर चारायचं नाही हे मला त्या दिवशी कळलं, मी तर भाताची कढईच घेऊन निघाले होते.

आता वयाचं. ह्यांनी सांगितलं होतं १८ ते २० आठवडे. आत्यांनी एक तलंग उचलली, बगलेत धरली, शेपटीखाली बोटं लावली आणि म्हणाल्या, "पोरं हायत गं ही अजून." कोंबडीच्या मागच्या बाजूला दोन टोकदार हाडं असतात, त्यांच्यामध्ये किती बोटं मावतात त्यावरून कळतं. एकच बोट कसंबसं जात असेल तर अंड्याला वेळ आहे, दोन-तीन बोटं आरामात बसली की कोंबडी अंड्यावर आली किंवा घालतेय. आठही जणींचं एक बोट. तुरे बघितले तर फिकट गुलाबी, नखाएवढे. अंड्यावर आलेल्या तलंगेचा तुरा लालभडक होतो, गालाखालचे लोंबते पण लाल होतात, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला की ती पंख जरा पसरून खाली बसते. आमच्या ह्या हात लावला की किंचाळत पळायच्या. पुढे जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पण बघून सांगितलं, चौदा आठवड्यांच्या पुढे नसतील. म्हणजे महिना-दीड महिना कमी वयाच्या तलंगा "रेडी टू ले" म्हणून विकल्या. मी फोन केला तर मालक म्हणाले, "ताई, जागा बदलली ना की त्या स्ट्रेसमध्ये जातात, म्हणून तुरा फिका पडतो." बोलणं पूर्ण खोटं नाही म्हणा, जागा बदलली, खाद्य बदललं, पाण्याची वेळ चुकली की घालणारी कोंबडी पण आठ-पंधरा दिवस अंडं बंद करते, ते मी नंतर अनुभवलं. पण स्ट्रेसने हाडं जवळ येत नाहीत हो दादा.

आणि "प्युअर गावरान" हा अजून एक विषय. आठांतल्या सात एकसारख्या तपकिरी, एका साच्यातून काढल्यासारख्या, आणि चोचीचं टोक कापलेलं. गावरान कोंबड्या अशा एकसारख्या कधी असतात का? गावात बघा, एक काळी, एक तांबडी, एक कवडी, एकीची मान उघडी. ह्या सुधारित जातीच्या आहेत हे उघड आहे, आणि त्यात काही वाईट नाही उलट फायदाच आहे, कारण खऱ्या गावरान कोंबडीची वर्षाला साठ-सत्तर अंडी झाली तर खूप आणि ग्रामप्रियासारखी सुधारित जात अंगणात दीडशेच्या वर जाते. मग तसंच लिहा ना! सुधारित म्हणून पण लोक घेतातच की. सरकारच्या खडकी आणि कोल्हापूरच्या अंडी उबवणी केंद्रांतून लोक नंबर लावून सुधारित पिल्लं घेऊन येतात, कोणाला कमीपणा वाटत नाही. कापलेल्या चोचीचं मात्र मला वाईट वाटलं. गवताचं कोवळं पान तोडायला त्यांना दुप्पट वेळ लागतो, बारीक दाणा चोचीतून निसटतो. त्यामुळे त्यांना मेथी-कोथिंबिरीच्या काड्या, लसूणघास वगैरे बारीक चिरून किंवा जुडी बांधून टांगून द्यावं लागतं, म्हणजे ओढून तोडता येतं. हे नर्सरीवाल्यांनी सांगायला पाहिजे होतं.

आता माझी स्वतःची चूक, ही ह्यांच्या खात्यावर नाही. दुसऱ्या दिवशी मला वाटलं बिचाऱ्या क्रेटमध्ये आल्या, खुराड्यात कोंडल्या, जरा मोकळ्या सोडूया. सोडल्या. आत्या गावात गेल्या होत्या. दिवसभर मस्त चरल्या, मी फोटो काढले, स्टेटसला टाकले, आणि दिवस मावळायला लागला तशा आठ जणी सरळ उसात. त्यांना काय माहिती खुराडं कुठलं आणि घर कोणतं, एक रात्र तर झोपल्या होत्या तिथे. तुम्ही कधी अंधारात बारा महिन्यांच्या उसात कोंबडी शोधलीय का? पाचट अंगाला कापतं, बॅटरी मारली की फक्त ऊसच दिसतो, आणि कोंबडी अंधार पडला की आवाज करत नाही, गप्प बसून राहते. नवरा, मी आणि शेजारचे दोन मुलगे, साडेनऊपर्यंत सात सापडल्या. आठवी सकाळी शेजाऱ्यांच्या पेरूच्या झाडावर, सगळ्यात वरच्या फांदीवर. आत्या एवढंच म्हणाल्या, "नवी सून बी पहिले पाच दिवस घराभायेर काढत न्हायीत, आन तू कोंबड्या सोडल्यास."

त्यानंतर पक्के आठ दिवस कोंडल्या. खाणं पाणी आत, त्याच वेळेला, त्याच भांड्यात, आणि प्रत्येक वेळी आत्यांची हाक, "याऽ याऽ याऽ" आणि पत्र्याच्या डब्यात मका खुळखुळवायचा. नवव्या दिवशी मावळायच्या तासभर आधीच सोडल्या, उपाशी पोटी, म्हणजे लांब जायला वेळच नाही आणि भूक असल्यामुळे डबा वाजला की पळत आत. चार-पाच दिवस असं, मग वेळ वाढवत नेली. तेव्हापासून आजपर्यंत एकदाही शोधायला लागलं नाही, सहाच्या सुमाराला आपोआप रांग लावून आत जातात. पॅकेजसोबत एक रंगीत पत्रक येतं, त्यात ह्यांच्या शाखा, फोन नंबर, कडकनाथचे फायदे सगळं आहे, पण "पहिला आठवडा सोडू नका" ही एक ओळ नाही. ती असती तर माझं अर्धं गाऱ्हाणं कमी झालं असतं.

आमच्याकडे आधीपासून आत्यांची एक म्हातारी गावरान होती, काळी. नवीन आल्या की लगेच एकत्र करायच्या नाहीत, पंधरा दिवस तरी लांब ठेवायच्या, कारण कोणाच्या अंगात काय आलंय माहीत नसतं, मानमोडी (राणीखेत रोग) एकदा आली की सगळं परसू रिकामं करते. म्हणून काळीला आत्यांनी पुढच्या अंगणात डाल्याखाली झाकायला सुरुवात केली, पाण्याचं भांडं वेगळं, आणि आधी काळीचं करून मग नव्यांकडे जायचं, उलटं नाही. नंतर आठवडाभर जाळीच्या अलीकडे-पलीकडे. आणि मग रात्री, अंधारात, काळीला उचलून नव्यांच्या शेजारी दांडीवर बसवलं. सकाळी उठून बघतात तर ही आपल्यातलीच. तरी दोन दिवस काळीने सगळ्यांच्या डोक्यात टोचे मारले, एकीचा तुरा रक्ताळला, हळद लावली. खाण्याची भांडी एकाऐवजी तीन केली, लांब-लांब, म्हणजे एकीने अडवलं तर दुसरीकडे खाता येतं. चौथ्या दिवसापासून शांत. आणि खरं सांगू का, ह्या तलंगांना सगळं काळीनेच शिकवलं. घार आली की कसा आवाज काढायचा, उकिरड्यात कुठे उकरायचं, राखेत कसं लोळायचं. पॅकेजमधले ६०० रुपये तिला द्यायला पाहिजेत.

खुराड्याबद्दल मात्र मला काहीच चांगलं बोलता येत नाही. फोटोत फार गोड दिसतं, हिरवा पत्रा, छोटा जिना, खिडकी. "१० कोंबड्यांसाठी" असं लिहिलंय. मापलं, चार बाय तीन. बारा चौरस फुटात दहा? कोंबडीमागे दोन चौरस फूट तरी धरा, म्हणजे सहा मावतात. आत बसायला दांडीच नाही! कोंबडीला रात्री उंच बसायला लागतं, दांडी नसली तर ती अंड्याच्या खोक्यात जाऊन झोपते, तिथेच घाण करते, आणि मग अंडं भलतीकडे घालते. आम्ही निलगिरीची मनगटाएवढी काठी आणून दीड फुटावर बसवली. अंड्याचं खोकं ह्यांनी दिलंय ते त्या काठीपेक्षाही वर लागत होतं, ते काढून खाली जमिनीलगत, कोपऱ्यात, अंधाऱ्या बाजूला ठेवलं, कारण कोंबडी सगळ्यात उंच जागा झोपायला पकडते. तळाला नुसती जाळी, पायाला टोचणारी. त्यावर प्लायवूड टाकून भाताचं तूस तीन इंच पसरलं. म्हणजे साडेसहा हजाराच्या वस्तूवर अजून अठराशे घातले.

आणि जाळी. हे वाचाच, कारण इथे एक जीव गेला. ह्यांनी लावलीय ती षटकोनी बारीक तारेची कोंबडीजाळी. ती कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. नोव्हेंबरात एका दुपारी, मी घरातच होते, अंड्याच्या खोक्यामागे जाळी जिथे खिळ्याने नुसती अडकवली होती तिथून मुंगूस शिरलं. आवाज आला म्हणून धावले तोवर एक गेली होती. तिचं नाव ठेवलं नव्हतं, पण ती तीच होती जी पेरूवर जाऊन बसली होती, पायाच्या वेड्यावाकड्या नखावरून ओळखली. मुलगी दोन दिवस जेवली नाही नीट. मालकांना फोन केला, ते म्हणाले कोंबड्यांची गॅरंटी नसते ताई. कोंबडीची नको हो, जाळीची तरी? शेवटी बाजारातून अर्ध्या इंची वेल्डेड जाळी आणली, खालून फूटभर जमिनीत पुरली, कडीला तारेचा आकडा. तुम्हाला खुराडं करायचंच असेल तर गावातल्या वेल्डरकडून करून घ्या, त्याच पैशात दुप्पट मोठं होतं.

फ्री खाद्याच्या पोत्याचं सांगते. पोत्यावर लेबल नाही, काही नाही. पिवळसर बारीक कण, तलंगांना फार आवडायचं, तुटून पडायच्या. तीन आठवड्यात चांगल्या गलेलठ्ठ झाल्या आणि मी खूश. मग दवाखान्यात जंताचं औषध आणायला गेले होते तेव्हा डॉक्टरांना चिमूटभर दाखवलं, ते म्हणाले हे ब्रॉयलरचं फिनिशर दिसतंय, मांस वाढवायचं. अंड्यावर येणाऱ्या कोंबडीच्या अंगावर चरबी चढली की ती अंड्याला अजून उशीर करते. आणि दुसरं म्हणजे चुना. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं, रोज दोन ग्रॅम बाहेर जाणार तर आत यायला नको का? लेअर मॅशमध्ये (अंडी घालणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात) साडेतीन-चार टक्के असतं, ब्रॉयलरच्या खाद्यात एक टक्क्याच्या आसपास. पण लगेच लेअर मॅश पण चालू करू नका म्हणाले, वाढत्या तलंगेला एवढा चुना मूत्रपिंडाला जड जातो, तुरे लाल व्हायला लागेपर्यंत ग्रोवर (वाढीचं खाद्य) द्या आणि मग आठवडाभर मिसळत-मिसळत मॅशवर आणा. एकदम बदललं की पातळ शी करतात, खाणं सोडतात.

लसीचं पण तसंच. कार्डावर "लसीकरण पूर्ण" असा शिक्का, तारीख नाही. पण इथे मात्र ह्यांना क्रेडिट देते, मी मागितल्यावर दुसऱ्या दिवशी रजिस्टरचा फोटो व्हॉट्सॲपवर आला, लासोटा, गंबोरो, आठव्या आठवड्याचं राणीखेतचं आर-टू-बी, देवीची लस, सगळ्या तारखांसकट. डॉक्टरांनी बघून बरोबर आहे म्हणाले. तेव्हा पक्ष्यांच्या तब्येतीत ह्यांची कुचराई नाही, सहा महिने होत आले, आजारपणाने एकही गेली नाही. फक्त त्या रजिस्टरवर पिल्लं फुटल्याची तारीख पण होती. मोजली. आल्या त्या दिवशी चौदा आठवडे आणि दोन दिवस. मालकांना तोच फोटो परत पाठवला, तारखेला गोल करून. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

आता अंडी. नोव्हेंबर संपत आला तसे तुरे लाल व्हायला लागले, आत्यांची दोन बोटं बसायला लागली, पण अंडं नाही. डॉक्टर म्हणाले दिवस लहान होतायत ना. कोंबडीला वेळेवर अंड्यावर यायला आणि नीट टिकायला चौदाएक तास उजेड बरा असतो, आणि आपल्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांचा. गावरान कोंबड्या म्हणूनच थंडीत कमी घालतात. तर खुराड्यात नऊ वॉटचा साधा एलईडी लावा, पण संध्याकाळी नाही, पहाटे. संध्याकाळी लावला आणि एकदम बंद केला की दांडीवर चढायच्या आधीच अंधार होतो, चाचपडतात, पडतात. पहाटे लावला की बाहेर आपोआप उजाडतं. आणि आधी नाही, तुरे लाल झाल्यावरच, कोवळ्या तलंगेला उजेड देऊन लवकर अंड्यावर आणली तर अंडी बारीक येतात आणि तिचं अंग बाहेर यायची भीती असते. टायमर घेतला, आधी सहाला, मग साडेपाचला, असं करत चारपर्यंत नेला. लाईट बिलात फरक कळला पण नाही.

खोक्यात तूस आणि वर थोडं सुकं गवत घातलं, आणि आत्यांनी कृष्णेवरून एक पांढरा गुळगुळीत गोटा आणून ठेवला. "विरजण लागतंय," म्हणाल्या. म्हणजे खोक्यात आधीपासून एक अंडं दिसलं की कोंबडीला वाटतं ही जागा कोणीतरी निवडलीय, सुरक्षित आहे. खरं अंडं ठेवलं तर फुटतं, एकदा फुटून चाखलं की अंडं खायची सवय लागते आणि ती सवय मोडत नाही, म्हणून गोटा. मी हसले होते.

पहिलं अंडं आलं ५५ व्या दिवशी. आणि दिवस कोणता, तर चंपाषष्ठी! घरात खंडोबाचं, वांग्याचं भरीत, रोडगा, घरभर भंडारा, आणि मुलगी ओरडत आली, "आजी, अंडं!" गोट्याला अगदी चिकटून. छोटंसं, बोराएवढं म्हणणार नाही पण लिंबापेक्षा थोडं मोठं, फिकट तपकिरी, एका बाजूला रक्ताचा बारीक ठिपका. (पहिल्या अंड्याला तसं असतं, घाबरायचं नाही.) खायचं तर त्या दिवशी शक्य नव्हतं, मग ते देव्हाऱ्यासमोर नको, फ्रीजमध्ये नको, असं करत दिवसभर फळीवर वाटीत बसून होतं आणि येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा बघून गेला. बल्बने झालं की वयाने झालं, खंडोबालाच माहीत. बावीस आठवडे झालेच होते तिला तेव्हा.

मग पंधरा दिवसांत पाच जणी लागल्या. मधे दोन अंडी बिनकवचाची आली, नुसती पिशवी, हातात घेतली की लिबलिबीत. शिंपल्यांचा चुरा आणला, खाद्यात मिसळला नाही, वेगळ्या वाटीत ठेवला, जिला पाहिजे ती खाते. आणि तो संध्याकाळी ताजा घालायचा, कारण अंडं तयार व्हायला एक दिवस, त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढायला लागतात आणि त्यातला बराचसा वेळ रात्रीचा असतो. आपल्याच अंड्यांची टरफलं तव्यावर भाजून बारीक कुटून दिली तरी चालतात, फक्त अंड्यासारखी दिसता कामा नयेत. आठवड्यात कवचं कडक. दोन बलकांचं एक आलं, त्याचा मुलीने व्हिडिओ केला.

एकीने मात्र खोकं कधीच मानलं नाही, ती घालते लाकडाच्या ढिगाखाली जुन्या घमेल्यात. शेवटी घमेलंच उचलून खुराड्यात ठेवलं. आता रांग घमेल्यासमोर असते आणि साडेसहा हजाराच्या खुराड्यातलं ते रंगीत खोकं मोकळं.

सध्याचा हिशोब असा. सात तलंगा, रोज चार ते पाच अंडी, कधी सहा. लेअर मॅशचं ५० किलोचं पोतं मला १६५० ला पडतं, एकीला दिवसाला शंभर-एकशेदहा ग्रॅम लागतं, पण ह्या बाहेर चरतात आणि घरातलं उरलं-सुरलं, कण्या, भाजीची देठं खातात त्यामुळे पोतं अडीच महिने जातं. पाणी मात्र खाण्याच्या दुप्पट, आणि आता एप्रिलात त्याहून जास्त. दुपारी मडक्यातलं गार पाणी घालते, खुराड्यावर ओलं गोणपाट. गेल्या आठवड्यात एक दिवस लग्नाला गेलो आणि पाण्याचं भांडं कोणीतरी सांडून ठेवलं, अर्धा दिवस कोरडं गेलं, तर पुढचे चार दिवस अंडी सरळ दोनवर आली. शेजारी-पाजारी बारा रुपयाला एक अंडं घेऊन जातात, "गावरान" म्हणून. मी सांगते सुधारित आहेत, तरी घेतात. कोंबडा नाही तर अंडी कशी देतात हे अजून तीन जणांनी विचारलंय. कोंबडा लागतो पिल्लांना, अंड्याला नाही.

तर मार्क असे. पक्षी साडेचार, वय खोटं सांगितल्याबद्दल एक वजा. लस पाच. टेम्पोवाला पोरगा पाच. खुराडं एक, तेही हिरवा रंग अजून उडाला नाही म्हणून. खाद्य शून्य. घेणार असाल तर नुसत्या तलंगा घ्या, पॅकेज नको, आणि पिल्लं फुटल्याची तारीख आधी मागा, रजिस्टर त्यांच्याकडे असतं, आता मला माहितीय. थंडी संपताना घ्या म्हणजे दिवस वाढत असतात आणि अंड्याला बल्बची वाट बघावी लागत नाही.

आणि हो, त्या आठांतली जी एकटी वेगळी होती ना, कवडी, तिने सगळ्यांत कमी अंडी दिली, आणि मार्च संपता-संपता घमेल्यात बसली ती उठेचना. अंग फुलवून, हात घातला की टोचते. खुडूक! (म्हणजे अंडी उबवायला बसलेली.) सुधारित जातीच्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, तेव्हा मालकांनी "प्युअर गावरान" सांगितलं ते आठांत एकीपुरतं तरी खरं होतं असं समजायचं. आत्यांनी शेजारून कोंबड्यातली नऊ अंडी आणून तिच्याखाली रवण (उबवायला) ठेवली. सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चसमोर धरून बघितली, दोन मोकळी निघाली, सात भरली आहेत. आज सतरावा दिवस. एकविसाव्याला काय होतं ते खाली लिहीन, आणि ह्या वेळी पिल्लं फुटल्याची तारीख माझ्याकडे असेल.